तेरा फुटांचा फरक

आकुर्डीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचं चौथं स्टेशन दापोडी. तिथे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने सीएमईची, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची भिंत लांबच लांब पसरली आहे. आपल्या आकुर्डी-दापोडी पट्ट्यातले हजारो लोक रोज तिच्यासमोरून कामावर जातात. समुद्र गाठायचा तर आपल्याला घाट उतरावा लागतो. तरीही शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय या भिंतीमागे शिकणाऱ्या दलाचे, लष्कराच्या अभियंता दलाचे अधिकारी होते. त्यांच्या बोटीचं नाव ‘तृष्णा’, लांबी ३७ फूट. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईतच परतली.

७ एप्रिल २०२५ रोजी कुलाब्याहून दुसरी एक बोट सुटली. तिला निशाण दाखवलं ते सीएमईच्या कमांडंटनी. ही ‘त्रिवेणी’, पुदुच्चेरीत बांधलेली, ५० फुटी. तिच्यावर लष्कर, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांतल्या स्त्री अधिकारी होत्या. मुंबई ते सेशेल्स आणि परत, सुमारे ४,००० सागरी मैल, ५५ दिवस. हा सराव झाल्यावर ११ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांतल्या दहाजणी ‘समुद्र प्रदक्षिणा’ मोहिमेवर गेटवे ऑफ इंडियाहून निघाल्या. सुमारे २६,००० सागरी मैलांची आणि नऊ महिन्यांची ही मोहीम. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्याकडे. सोबत्यांमध्ये मेजर ओमिता दळवी आणि कॅप्टन प्राजक्ता निकम ही मराठी नावंही आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो प्रशिक्षणाचा क्रम. तीन वर्षांची तयारी. आधी लहान, ‘ब’ वर्गाच्या बोटींवर किनाऱ्यालगतच्या मोहिमा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘त्रिवेणी’ दाखल झाली. मग तिच्यावर पश्चिम किनाऱ्याने सफरी, मग सेशेल्स, आणि त्यानंतर जग. समुद्रावर चांगल्या तयार झालेल्या या अधिकाऱ्यांना मोठ्या बोटीचा स्वभाव कळावा म्हणून जवळपास आणखी एक वर्ष द्यावं लागलं. वारा तोच होता, पाणी तेच होतं, शीड आणि सुकाणूही होतंच. मग नव्याने शिकायचं काय होतं?

उत्तर भूमितीत आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की वही-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं.

‘तृष्णा’एवढी ३७ फुटी बोट घ्या आणि आकार तोच ठेवून ती ५० फुटांपर्यंत वाढवली अशी कल्पना करा. लांबी वाढली ३५ टक्के. शिडाचं क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ते सुमारे ८३ टक्क्यांनी वाढून १.८ पटीवर जातं. वजन घनाने वाढतं, म्हणजे ते अडीच पट होतं. वारा बोटीला आडवं करू पाहतो तेव्हा शिडावरचा दाब आणि डोलकाठीची उंची यांचा गुणाकार काम करतो; तोही अडीच पट. पण बोटीला परत सरळ करणारा जोर वजन आणि तरफ यांच्या गुणाकारातून येतो आणि तो लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे ३.३ पट होतो. तेरा फुटांनी बोट लांब केली आणि तिच्यातली प्रत्येक राशी आपापल्या वेगळ्या घातानं पळाली. ३७ फुटी बोटीची मोठी आवृत्ती म्हणून पाण्यात उतरलेली वस्तू प्रत्यक्षात निराळाच प्राणी असते. वाऱ्यात ती कमी कलते, लाटेवर सावकाश डोलते, हाकेला उशिरा ओ देते आणि एकदा निघाली की लवकर थांबत नाही.

शेवटची गोष्ट धक्क्याला लागताना कळते. गोव्यात बांधलेल्या, नौदलाच्या ५६ फुटी ‘तारिणी’चं वजन सुमारे २३ टन आहे. ती एका नॉटने, म्हणजे ताशी दोन किलोमीटरहूनही कमी वेगाने, धक्क्याकडे सरकते आहे असं समजा. आपण त्याच्या दुप्पट वेगाने सहज चालतो. तेवढ्या मंद बोटीला अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचं तर सहाशे किलोंहून जास्त जोर लागतो. लहान बोटीवर वाढलेल्या माणसाचा पाय आपोआप कठड्याबाहेर जातो, धक्क्याला टेकून बोट अडवायला. मोठ्या बोटीवर त्या पायाचं हाड मोडतं. म्हणून पहिला नवा धडा शरीराला जुनी सवय विसरायला लावण्याचा असतो. अडवायचं काम फेंडरच्या उशांचं आणि दोरांचं, माणसाचं काम वेग आधीच कमी करण्याचं. पाण्याचा विरोध क्षेत्रफळाने वाढतो आणि वजन घनाने, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर मोठी बोट जास्त लांबवर घसरत जाते. निर्णय त्या हिशेबाने आधी घ्यावा लागतो. मोठ्या बोटीवरचा तांडेल काही क्षण पुढे जगत असतो.

आता वाऱ्याकडे वळू. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉटचा वारा चौरस मीटरला साधारण साडेसहा किलोंचा जोर लावतो, ४० नॉटचा वारा २६ किलोंचा. शंभर चौरस मीटर शीड उभं असेल तर हा फरक साडेसहाशे किलो आणि २,६०० किलो यांच्यातला आहे. खरा जोर शिडाच्या बाकावर आणि कोनावर अवलंबून असतो, पण वाढीचा नियम हाच. लहान बोटीत वारा वाढला की बोट लगेच आडवी होऊन तक्रार करते. मोठी बोट आपल्या वजनामुळे ते सोसत राहते, तिचं सोसणं सुरक्षिततेसारखं भासतं, आणि तोवर दोरांत, पुलींत, डोलकाठीच्या तारांत ताण साठत जातो. शीड आखडायचा विचार मनात आला की ते आखडायची वेळ झालेली असते, असं जगभरचे दर्यावर्दी सांगतात, ते याचमुळे. मोठ्या बोटीची भाषा हळू आवाजातली आहे. तारांची गुणगुण, सुकाणूवर हाताला जाणवणारं ओझं, तळाखालून जाणाऱ्या पाण्याचा बदललेला आवाज. हे सगळं कळू लागायला महिने लागतात.

मग एवढा जोर माणूस आवरतो कसा? विंचने. ही गोष्ट आपल्या पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या प्रत्येकाला आवडेल. शिडाचा दोर एका उभ्या, धातूच्या ढोलावर गुंडाळतात आणि हँडल फिरवून ताणतात. हँडलची लांबी आणि आतले गिअर यांचा फायदा तर मिळतोच, पण खरी जादू घर्षणाची आहे. दोराचा एक वेढा दिला आणि घर्षण-गुणांक ०.२५ धरला, तर तुमच्या हातातला एक किलोचा धर दुसऱ्या बाजूचे सुमारे पाच किलो रोखतो. दोन वेढे दिले की तेवीस किलो. तीन वेढे, एकशे अकरा. चार वेढे, पाचशेहून जास्त! दर वेढ्याला बेरीज होत नाही, गुणाकार होतो. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात हा हिशेब मांडला आणि त्याच्याही फार आधीपासून खलाशी तो हातांनी वापरत होते. दोन बोटांत दोराचं टोक धरून एखादी तरुण अधिकारी अर्ध्या टनाचा वारा रोखून उभी राहते, हे मला कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं.

याच गणिताची उलटी बाजू भयंकर आहे. वेढे सोडवताना एक वेढा जास्त निघाला तर ताण एकदम पाच पटीने हातात येतो. म्हणून मोठ्या बोटीवर बोटं ढोलाजवळ न्यायची नाहीत, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. दोर शांत दिसतो, त्याच्यातला टन दिसत नाही.

वेगाचा हिशेब मात्र अपेक्षेपेक्षा कंजूष आहे. पाणी कापत जाणारी बोट स्वतःची लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होते, आणि तिची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात अडकते. त्यापुढे जायचं तर स्वतःच्या लाटेचा चढ चढावा लागतो. म्हणून जड बोटीची वेगमर्यादा पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाने ठरते. पाण्यात ३० फूट असलेल्या बोटीला सुमारे ७.३ नॉट, ४२ फुटांच्या बोटीला ८.७. एवढा पैसा, एवढं वजन आणि हाती जेमतेम दीड नॉट! पण २६,००० सागरी मैलांच्या वाटेवर सरासरी सहाऐवजी सात नॉट मिळाले तर सुमारे पंचवीस दिवस वाचतात. दहाजणींचं पंचवीस दिवसांचं अन्न, पाणी, झोप आणि एखादं वादळ वाचतं.

दहाजणी म्हटलं की राहण्याचा प्रश्न आला. बोट चालवण्यापेक्षा बोटीत राहणं शिकणं कठीण, असं माझं ठाम मत झालं आहे.

पाणीच घ्या. माणशी रोज तीन लिटर एवढंच धरलं तरी दहाजणींना चाळीस दिवसांत १,२०० लिटर लागतं, म्हणजे जवळजवळ सव्वा टन. एवढं वाहून नेणं अवघड, म्हणून लांब पल्ल्याच्या बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. तत्त्व आपल्या ओट्यावरच्या आरओचंच. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचा विरोध मोडायला पंपाला पन्नास बारहून जास्त दाब द्यावा लागतो. त्या पंपाला वीज हवी, विजेला बॅटरी, बॅटरीला सौर पॅनल किंवा जनरेटर, जनरेटरला डिझेल. लहान बोटीत पाण्याचं पिंप रिकामं झालं की दिसतं. मोठ्या बोटीत पाण्याचा घोट चार यंत्रांच्या साखळीतून येतो, आणि साखळीतली कुठली कडी आज खोकते आहे हे बोटीत राहणाऱ्याला माहीत असावं लागतं.

कमांडर अभिलाष टॉमी यांचंच उदाहरण घ्या; ते तेव्हा नौदलात लेफ्टनंट कमांडर होते. ते ‘म्हादेई’ या बोटीवरून एकटे, कुठेही न थांबता, १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात जगाला फेरी मारून आले. परतीच्या टप्प्यात त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं होतं. मोठ्या बोटीत अनेक टाक्या असतात, अनेक नळ असतात, आणि एक झडप दुसरीचं आयुष्य पालटू शकते.

केबिनची गंमत आणखी वेगळी. लहान बोटीत दोन्ही भिंती हाताला लागतात, त्यामुळे लाटेचा धक्का बसला तरी माणूस फार लांब पडत नाही. मोठी, ऐसपैस केबिन बंदरात सुखाची वाटते, पण भर समुद्रात तिथे माणूस जास्त लांब उडतो आणि जास्त जोरात आदळतो. म्हणून दर हातभर अंतरावर धरायला मूठ लागते, बिछान्याच्या मोकळ्या बाजूला कापडी आडोसा बांधावा लागतो, आणि शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, म्हणजे बोट कितीही कलली तरी भात सपाट राहतो. पोटालाही नव्याने शिकावं लागतं. साधारण पाच सेकंदांना एकदा वरखाली होणारी हालचाल माणसाला सर्वांत जास्त मळमळवते. मोठ्या बोटीचा डोलण्याचा ताल लहान बोटीपेक्षा संथ, त्यामुळे जुन्या बोटीवर स्थिरावलेला माणूसही नव्या तालावर पुन्हा आजारी पडू शकतो.

पहारा मात्र आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावा लागणार नाही. फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्टवर घडी बसलेलं हे गाव आहे. बोटीवरही चोवीस तासांचे तुकडे पाडतात, आणि कुणी झोपलेली असते तेव्हा तिचा जीव जागणाऱ्यांच्या हाती असतो. पाळी सुपूर्त करताना वाऱ्याची दिशा, शिडांची स्थिती, आसपासची जहाजं, कोणता दोर घासतो आहे, हे सगळं तोंडी सांगून मगच खाली उतरायचं. कंपनीत मशिनचा आवाज बदललाय हे जसं येणाऱ्या पाळीला सांगतात, तसंच.

एवढं सगळं सोसून मोठी बोट घ्यायची कशासाठी? दक्षिण महासागरासाठी. चाळीस अंश दक्षिणेखाली जमीन जवळजवळ नाही. वारा पृथ्वीभोवती अडथळ्याशिवाय फिरतो आणि लाटांना वाढायला हजारो मैल मिळतात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात १५ दर्यावर्दी गेले. त्यानंतर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. फुटणारी लाट आडवी येऊन आदळली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या ३० टक्के असली, तर काही बोटी उलटल्या. ६० टक्के असली तर सगळ्याच. म्हणजे ३७ फुटी बोटीला ११ फुटांची फुटती लाट धोक्याची, ५० फुटीला १५ फुटांची. दक्षिण महासागरात ही चार फुटांची सवलत फार मोलाची आहे.

पण लांबीनेच सगळं ठरत असतं तर ‘सुहैली’ची गोष्ट घडलीच नसती. १९६३-६४ मध्ये मुंबईत, सागवानात, भारतीय सुतारांच्या हातून घडलेली ही बोट जेमतेम ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १९६५ मध्ये मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता जग प्रदक्षिणा करणारे ते पहिले ठरले. तोवर ‘सुहैली’ त्यांच्या नसानसांत भिनली होती. त्यांच्या बोटीची प्रत्येक फळी त्यांना ठाऊक होती, आणि ही ओळख चार फुटांच्या सवलतीहून मोठी निघाली.

हे नेमकं ओळखलं ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेले. भारतीयाने भारतीय बोटीतून एकट्याने जग फिरावं हा ध्यास त्यांचा. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वतःहून तयारी दाखवली. त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे धडे घेतले, आणि गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ आकार घेऊ लागली तेव्हा ते तिच्यापाशीच उभे राहिले. दांडेकरांनी अशी शिडाची बोट तोवर बांधली नव्हती, दोंद्यांनी एवढ्या बोटीतून एकट्याने जग पाहिलं नव्हतं. डच आराखडा, लाकडी गाभा, त्यावर काचतंतू आणि ईपॉक्सी. नळ कुठून जातो, तार कुठे वळते, तळाच्या कीलचे बोल्ट कसे आवळले, हे बोट बंद होण्याआधी पाहिलेला माणूस पुढे भर समुद्रात, रात्री, अंधारात हात घालून बरोबर ती जागा शोधू शकतो. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘म्हादेई’ पाण्यात उतरली, १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन करत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय.

बहुतेक तीच बंदरं पुढे ‘तारिणी’ने गाठली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाच सहकारी निघाल्या, तेव्हा परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघींनीच तीच बोट जगाभोवती नेली. बोट एकच, पण आधी सहाजणींचे हात आणि मग दोघींचे. अशा वेळी आखणी पूर्ण बदलते. शिडं लवकर आखडायची, प्रत्येक वळणाची तयारी तासभर आधी, एक झोपली असताना दुसरीला जे एकटीने पेलवेल तेवढंच शीड वर ठेवायचं.

‘त्रिवेणी’च्या सेशेल्स सफरीकडे मी या नजरेने पाहतो. ५५ दिवसांत विषुववृत्ताकडचा मंद वारा भेटतो, पावसाळ्याआधीचा अस्वस्थ अरबी समुद्र भेटतो, रात्रीच्या काळ्या ढगाखाली अचानक तिप्पट होणारा वारा भेटतो. कोणता पंप कधी अडतो, कोणती झडप घट्ट आहे, कुणाला नाइट शिफ्टला भूक लागते, कोण वादळात गप्प होते आणि कोण बोलू लागते, हे सगळं मुंबईच्या धक्क्यावर कळत नाही. दक्षिण महासागरात ते पहिल्यांदा कळणं परवडत नाही. सराव ४,००० मैलांचा ठेवला होता तो त्यामुळेच.

आपल्या जिल्ह्यातून या वाटेची पहिली पायरी फार लांब नाही. खडकवासल्याच्या जलाशयावर, एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बेमध्ये, कॅडेट दोन माणसांच्या छोट्या शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. त्या होडीत वाऱ्याचा झोत आला की स्वतःचं अंग बाहेर झोकून तोल सावरता येतो, कारण तिथे माणसाचं वजन होडीच्या वजनाशी बरोबरी करू शकतं. ५० फुटी बोटीवर दहाजणींनी मिळून अंग झोकलं तरी बोटीच्या कित्येक टनांपुढे ते वजन किरकोळ ठरतं. तिथे तोल सावरायचा तर तो वारा पोचण्याआधी, दोर, वेढे आणि अंदाज यांच्या जोरावर सावरावा लागतो.